यादीतलं पहिलं नाव

माझ्या आईला गुन्ह्यांच्या मालिकांचा भारी नाद. खून झाला रे झाला की ही लगेच सांगणार, "त्या काकानंच केलंय, बघ." आणि बहुतेक वेळा काकाच निघतो. मी मशीनवर ब्लाउज शिवत एक डोळा टीव्हीकडे ठेवते आणि तिला चिडवते, की पोलिसांनी तुला कधीच कामाला घ्यायला पाहिजे होतं.

गेल्या वर्षी तसल्याच एका मालिकेत एक गुरू आला. यशस्वी कसं व्हायचं ते शिकवणारा, पांढऱ्या बुटांचा, हळू आवाजात बोलणारा. माझा पाय मशीनवर तसाच थांबला. कारण तसलाच एक आमच्या घरात शिरला होता.

धाकटा भाऊ माझा. शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर. आमच्यातला सगळ्यात बडबड्या आणि सगळ्यात हळवा. एका मित्राच्या नादानं पन्हाळ्यावर तीन दिवसांच्या शिबिराला गेला आणि परत आला तो वेगळाच माणूस. कसा हायस म्हटलं, तर "मी उत्तम आहे" म्हणाला. आमच्या घरात जन्मात कुणी उत्तम नव्हतं, सगळे बरे असायचे. मी हसले. तो हसला नाही.

मग त्याच्या बायकोनं मला त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, मला मागे ओढणारी माणसं. शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं, अशी नावं लिहा आणि एकेक माणूस आयुष्यातून कमी करा. पहिलं नाव आई. दुसरं मी, आणि माझ्यापुढे कंसात 'सतत टोमणे'. माझं खरं होतं, त्याचं मला काही नाही. पण आई? ज्या बाईनं त्याच्या दहावीच्या अभ्यासापायी वर्षभर टीव्ही लावला नाही, ती ह्याला मागं ओढते? मी तो फोटो कुणाला दाखवला नाही. आईला तर नाहीच.

त्याचे फोन थांबले. आधी रोज यायचे, मग आठवड्यानं, मग नाहीच. आई माझाच फोन घेऊन त्याला लावायची, वाजून वाजून बंद व्हायचा. कामात असंल, म्हणायची. मला वाटायचं पोलिसांत जावं. पण सांगणार काय? पोरगा पहाटे उठतो, दारू पीत नाही, गोड बोलतो. ह्याला कुठलं कलम लावतात?

मग आषाढात आमच्या गल्लीची यात्रा आली. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाई देवीच्या टेकडीवर न्यायचं, देवळाच्या पायऱ्यांवर ओतायचं आणि घरी येऊन मटणावर बसायचं. ह्या जेवणाला बोलावणं आलं की कोल्हापूरचा माणूस नाही म्हणत नाही, मग भांडण असो की काही. मी त्याला बोलावणं धाडलं, आणि त्या मालिकेतला गुरूचा भाग टीव्हीवर शोधून ठेवला. म्हटलं, मी सांगून ऐकणार नाही, निदान डोळ्यांनी तर बघू दे.

आला. एकटाच आला. आईला वाकून नमस्कार केला, शिबिरात शिकवलेलं हसू हसला. आईनं ताट वाढलं. त्यानं पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावली आणि मी भाग सुरू केला.

पडद्यावरचा गुरू शिष्यांना वह्या वाटत होता. एका मुलीनं त्यात पहिलं नाव बापाचं लिहिलं. भावाचा हात भाकरीवर थांबला. त्याचे कान लाल झाले, लहानपणी चोरी सापडल्यावर व्हायचे तसे. त्यानं माझ्याकडे बघितलं. आई शप्पथ सांगते, त्या क्षणी तो आमचा होता. मी बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून पळी घेऊन आली, रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"ताटावर बसलेल्याला तसलं दाखवत्यात व्हय? जेवू दे त्याला."

आमच्या घरचा हा नियम आहे. ताटावरच्या माणसाला टोचून बोलायचं नाही, काय ते हात धुतल्यावर. वडिलांनीही तो कधी मोडला नाही. मी गप्प बसले. अजून त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

तो पोटभर जेवला. दोनदा रस्सा मागून घेतला. हात धुतो न धुतो तोच त्याचा फोन वाजला. "यस सर" म्हणत जिन्यात गेला, आणि परत आला तेव्हा चेहऱ्यावर पुन्हा ते हसू होतं. पॉझिटिव्ह राहा, असं आम्हाला दोघींना सांगून गेला. आई फाटकापर्यंत गेली.

संध्याकाळी मी आईवर तोंड सोडलं. तो वळत होता, तू घाण केलीस, असलं काहीबाही बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उरलेलं लाव. आम्ही शेवटपर्यंत बघितलं. गुरूला बेड्या पडल्या, मुलगी बापाच्या गळ्यात पडली. आईनं ह्या वेळी काहीच ओळखून दाखवलं नाही.

"तसं हुतंय व्हय कधी?" एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "माझं पण पहिलंच हाय की."

मी म्हटलं, काय पहिलं?

"नाव. तुझ्या फोनवर बघितलंय मी. लई दिवस झालं."

मग टीव्ही का बंद केलास, एवढंच विचारलं.

"लाजून ताटावरनं उठला असता," ती म्हणाली. "उपाशी गेला असता माझ्या दारातनं."

ह्या आषाढात तिनं पुन्हा पांढरा रस्सा केला. तो आला नाही. त्या दिवशी पन्हाळ्यावर शिबिर होतं, आणि आता वह्या तो वाटतो.