बहिणीची चौकशी

जायफळाचा वास आला की अकोल्यातल्या आमच्या गच्चीवरची ती कोजागिरी आठवते. बहीण हिवरखेडहून आली होती. आई तिच्याकडेच राहायची. दूध आटत होतं, बायका भुलाबाईची गाणी म्हणत होत्या आणि ही मात्र शेजारच्या म्हातारीजवळ बसून बारीक चौकशी करत होती. मला वाटलं, आता शेतातला हिस्सा मागणार. मी तिला बाजूला घेतलं. “खरं सांग, काहून आली?” ती म्हणाली, “आईले तुह्यापाशी ठेवावं का, हे पाहाले आली, दादा. पण ह्या आजी म्हणतात, इथं दिवसभर कोनी बोलत नाई त्यायच्यासंग. आई माह्याजवळच राहू दे.” आई अजून तिकडेच आहे. बहीण आली की ती कुणाशी बोलते, याकडे माझं अजूनही लक्ष असतं.