टाचणी, सुई आणि उंब्रजचा बाजार

उंब्रजचा बाजार होता त्या दिवशी. सत्तरच्या दशकातली गोष्ट, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं... आणि त्या भरबाजारात मी शिलाई मशीन चालवून दाखवलं! हो, मीच. डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या घरातली नवी सून.

त्याचं असं झालं... आमचे हे सैन्यात. सुट्टी संपवून परत जाताना आईला म्हणाले होते, हिला एक मशीन घेऊन दे. लग्नाआधी मी सांगलीत शिवणक्लास केला होता आणि सासरी आल्यापासून माझे हात नुसते रिकामे वळवळत होते.

पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मशीनचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. लोणंदला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या बोटात मशीनची सुई मोडली होती, ते बोट कायमचं वाकडं राहिलं. त्यामुळे मशीन घरात नको म्हणजे नको, आणि त्यांच्या शब्दापुढे मामंजीसुद्धा काही बोलत नसत.

त्या दिवशी साताऱ्याचा एक विक्रेता पायमशीन घेऊन बाजारात आला होता. "बघायला काय जातंय? न्हाई पटलं तर माघारी जाऊ," असं म्हणत मामंजींनी आत्याबाईंना कसंबसं तिथवर आणलं. मी दोघांच्या मागे उभी, मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत...

विक्रेता बोलण्यात पटाईत. मांजरपाटाच्या दोन लांब पट्ट्या एकावर एक ठेवल्या, भराभर टाचण्या टोचल्या आणि लागला की धडाधड शिवायला. आत्याबाईंनी नेमकं तिथंच त्याला धरलं. "आवं, पर टाचणीवर सुई बसली म्हंजी?"

"काही होत नाही हो मावशी! बघा की, टाचणीवरून कशी पळते ती." आणि खरंच, दोन-तीन टाचण्यांवरून सुई सुखरूप गेली. लोक माना डोलवायला लागले. मी मात्र मान डोलावली नाही, कारण असं कधीही करायचं नाही हे क्लासच्या बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

...टक्!

सुई मोडली. तुकडा उडाला तो विक्रेत्याच्या गालाला चाटून गेला. थेंबभर रक्त आलं असेल नसेल, पण आत्याबाईंना तेवढं पुरे होतं. "बघितलंसा न्हवं? चला घरला!" आणि त्या वळून चालायलाही लागल्या.

झालं... माझं मशीन गेलं. हे पुन्हा सुट्टीवर यायला वर्ष लागणार, आणि आले तरी आता त्यांचं कोण ऐकणार होतं? मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. दोष मशीनचा नव्हताच, त्या शहाण्याचा होता!

"आत्याबाई, जरा थांबा." माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. त्या दहा पावलांवर थांबल्या. मग म्हटलं, आता बोललेच आहे तर बोललेच. विक्रेत्याला सांगितलं, नवी सुई लावा आणि उठा.

"वहिनी, जमेल का?" तो हसला. मी पदर कमरेला खोचला आणि सरळ मशीनवर बसले. मामंजी बिचारे शेजारच्या कांद्याच्या ढिगाकडे असे बघायला लागले, जसे काही आयुष्यात पहिल्यांदाच कांदा बघताहेत.

टाचण्या मी माझ्या पद्धतीने लावल्या, शिलाईला आडव्या, डोकी उजवीकडे. चार बोटं शिवायचं, टाचणी सुईजवळच्या दाबपट्टीखाली जायच्या आत थांबायचं, ती काढायची, मग पुढे. हळू काम आहे... मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "ह्या चालीनं कवा व्हायचं?"

पण काढलेली टाचणी ठेवायची कुठे? क्लासमध्ये आम्ही सरळ ओठांत धरायचो. तेवढं आत्याबाईंनी बघितलं असतं तर उरलंसुरलंही संपलं असतं. मी टाचणी हातात धरून इकडे तिकडे बघतेय... तर माझ्यासमोर एक तळहात आला.

"दे हिकडं."

आत्याबाई परत आल्या होत्या! त्यांनी ती टाचणी स्वतःच्या पदराच्या काठाला टोचून ठेवली आणि पुन्हा हात पुढे केला. मी थांबले की त्यांचा हात तयार. त्यानंतर मला ना बाजार दिसला ना माणसं... मशीन असं चाललं की काय सांगू!

शेवटची टाचणी निघाली, दोरा तोडला. आत्याबाईंनी दोन्ही पट्ट्या धरून जीव खाऊन ओढल्या. शिलाई हलली नाही. मग पदराच्या टाचण्या एकेक काढून त्यांनी विक्रेत्याच्या डबीत टाकल्या.

"ह्या घ्या तुमच्या टाचण्या. सुई तुमची मोडली, आमच्या पोरीची न्हाई." आणि मामंजींकडे वळून, "आवं, कांदं काय बघताय? मशीन गाडीत ठिवा!"

लोक हसले, कुणीतरी टाळी वाजवली. मी मान खाली घालून उभी होते, पण आतून नुसती नाचत होते. लग्न होऊन आल्यापासून मी "सांगलीची" होते... पोर पहिल्यांदाच झाले.

परवा नातसून विचारत होती, टाचणीवरून मशीन चालवलं तर चालतं का? नाही गं बाई, एकदा चालतं, दोनदा चालतं आणि तिसऱ्यांदा डोळ्यावर येतं. टाचणी आधी काढावी.

आणि देवाच्या कृपेने ती धरायला शेजारी कुणी बसलं, तर त्या माणसाला जन्मभर विसरू नये. ज्या बाईला सुईची एवढी धास्ती होती, ती बाई माझ्यासाठी भरबाजारात हात पुढे करून उभी राहिली होती.