पाण्यात न पडलेला उजेड

लढाईच्या काळात मी पुण्याच्या एका दैनिकासाठी लोणावळ्याहून बातम्या पाठवीत असे. बातम्या लहान असत : पाऊस किती इंच झाला, घाटात दरड पडून कोणती गाडी किती उशिरा आली, कोणत्या बंगल्यात कोण उतरले. संपादकांची सूचना एकच होती. जे पाहिले ते लिहा; जे ऐकले ते कोणाकडून ऐकले, तेही लिहा. आकाशात उजेड दिसल्याच्या बातम्या त्या काळी वरचेवर येत, आणि त्यांना ही सूचना लावली की छापण्याजोगे फारसे उरत नसे.

असा उजेड दिसल्याचे कानावर आले की तळेगावचे एक निवृत्त शिक्षक तिथे जात. गणित आणि विज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांची पद्धत ठरलेली होती. ज्याने उजेड पाहिला त्याला ते त्याच जागी, त्याच वेळेला उभे करीत. हात सरळ पुढे धरून मूठ वळायला सांगत आणि विचारीत, डोंगराच्या कडेपासून उजेड किती मुठी वर होता? मूठ मोठी पडली तर बोटे मोजीत. समोरचा काहीही सांगो, ते हसत नसत. त्यांच्या वहीत शेवटचा रकाना 'कारण' असा होता आणि तो कधी रिकामा राहत नसे. उंच काठीवरचा आकाशदिवा, धुक्यात काठी न दिसल्याने अधांतरी वाटलेला. डोंगरावरचा वणवा. वळणावर आलेल्या इंजिनाचा दिवा. हवामान खात्याने सोडलेला फुगा. आणि सर्वांत जास्त वेळा, शुक्र.

वलवणच्या धरणामागे, तळ्याच्या पूर्वेच्या काठाला एक गाव आहे. भातकापणी संपत आली होती तेव्हा तिथल्या पोलीस पाटलाने तालुक्याला वर्दी दिली, की दिवेलागणीच्या सुमारास तळ्यावर एक उजेड काही वेळ उभा होता. लढाईमुळे पाटलांना हुकूमच होता : विमान, उजेड, अनोळखी माणूस, काहीही दिसले तर लेखी कळवावे. पाटलाने हुकूम पाळला. पण वर्दी तालुक्याच्या कचेरीत, वडगावला, पोचायच्या आत गोष्ट लोणावळ्याच्या बाजारात पोचली. धरणावर शत्रूचे विमान उतरले, असे लोक बोलू लागले. तालुक्याहून उलट पत्र आले. नक्की काय पाहिले याचा आठ दिवसांत खुलासा करावा, आणि अफवा पसरवल्याबद्दल पाटीलकी का काढून घेऊ नये, हेही लिहावे.

कचेरीतला अव्वल कारकून पाटलाच्या ओळखीचा होता. त्याने खाजगीत सुचवले, की तो तारा होता असे एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाने लिहून दिले तर प्रकरण मिटेल. तळेगावच्या शिक्षकांचे नावही त्यानेच सांगितले.

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना शिक्षक दुपारच्या गाडीने लोणावळ्याला उतरले. मी त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत खाचरे मोकळी झाली होती. कापलेल्या भाताच्या बुंध्यांमधून बगळे चालत होते, आणि ऊन असूनही तळ्याकडून पातळ धुके वर येत होते. त्या धुक्यात माणसे आणि गुरे जवळ येईपर्यंत एकाच रंगाची दिसत. शिक्षक फारसे बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "या दिवसांत शुक्र संध्याकाळी आहे. बहुतेक तोच."

पाटील साठीचे, उंच, सावकाश बोलणारे होते. गावात त्यांना आबा म्हणत. ओट्यावर घोंगडे अंथरून त्यांनी आम्हांला बसवले. चहा घेऊन त्यांची बायको बाहेर आली ती बोलतच.

"मास्तर, ह्यांचं काय इचारता! बिबट्यानं शेळी नेली, द्या वर्दी. नवा भांडीवाला आला, द्या वर्दी. आता आभाळाची बी वर्दी!"

"हुकूम तसा हाय," पाटील म्हणाले.

"हुकूम देणारंच आता तुमाला उठवाया बसल्यात."

शिक्षकांनी वही उघडली. "पाटील, उजेड केवढा होता?"

"सुपाएवढा."

"सूप किती अंतरावरचे?"

पाटलांनी क्षणभर विचार केला. "हितनं त्या गोठ्याच्या दारात धरलेलं सूप दिसंल, तेवढा."

"रंग?"

"पिकल्या लोंबीचा."

"आवाज काही?"

"टिटव्या वरडत व्हत्या, त्या गप झाल्या. तेवढंच."

"किती वेळ दिसला?"

"पान लावून खाऊन व्हईस्तवर."

"मग विझला? की वर गेला?"

"इझला न्हाई. वर बी गेला न्हाई. डोळ्यादेखत व्हता, मग न्हवता."

शिक्षकांनी प्रत्येक उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले. मग पाटील आपण होऊन म्हणाले, "आन् एक. पाण्यात त्यो पडला न्हवता. पल्याड कुणी चूल पेटवली तरी हितं पाण्यात दिसती. चंद्र दिसतो. ह्यो येवढा उजेड, आन् खाली पाणी काळंच. म्हनून तर मी उठून उभा राह्यलो."

सूर्य डोंगराआड गेल्यावर आम्ही काठावर आलो. वारा पडला होता. तळे इतके स्थिर होते की पलीकडचा डोंगर आणि त्याचे प्रतिबिंब मिळून एकच काळी आकृती दिसत होती, आणि काठ नेमका कुठे आहे हे नजरेला ठरवता येत नव्हते. टिटव्या ओरडत होत्या. उजेड कमी होत गेला तसे सगळे जवळ आल्यासारखे वाटू लागले, डोंगरही आणि आभाळही. आपण किती वेळ उभे आहोत हे मला सांगता आले नसते. तशी नोंद मी केली नाही.

मग शुक्र दिसला. आधी नव्हता असे नाही, पण एकदम लक्षात आला. डोंगराच्या कडेच्या दोन मुठी वर. त्याच क्षणी पाण्यात त्याची बारीक पांढरी रेघ उमटली, आणि ती पलीकडच्या काठापासून थेट आमच्या पायांपर्यंत आली.

"ही शुक्राची चांदणी," पाटील म्हणाले. "त्या दिवशी बी हितंच व्हती." त्यांनी हात लांब करून मूठ धरली, मग दोन बोटे खाली घेतली. "त्यो हिच्या खाली, हितं. हिची रेघ पाण्यात व्हती. त्याची न्हवती."

"दोन्ही एकाच वेळी दिसत होते?"

"एकाच वक्ताला. म्या दोन-तीनदा बघितलं."

शिक्षक खाली बसले. त्यांनी पाण्याच्या अगदी जवळ डोके नेऊन ती रेघ बराच वेळ पाहिली. उठले, चार पावले बाजूला गेले, पुन्हा पाहिली. रेघ त्यांच्याबरोबर सरकली. त्यांनी वहीत काही लिहिले नाही.

घरी कंदील लावला होता. शिक्षकांनी कोरा कागद पुढे घेतला आणि टाक हातात धरून थांबले.

"पाटील, सरळ बोलतो. मी शुक्र लिहिले तर तुमचे काम मिटेल. धुक्यात डोळ्यांची चूक कोणाचीही होते. त्यात कमीपणा नाही."

"तुमाला तसं वाटतं व्हय? शुक्र व्हता?"

"नाही," शिक्षक म्हणाले. "तुम्ही सांगता ते खरे असेल तर तो शुक्र नव्हता."

"मग काय व्हतं?"

"मला माहीत नाही."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांना ते उच्चारायला थोडा वेळ लागला.

पाटलीणबाई दारात उभ्या होत्या. "लिवा की मास्तर, शुक्र म्हनून. त्याचं काय जातंय? त्यो काय खुलासा मागाया खाली यनार हाय?"

शिक्षक हसले. पाटील हसले नाहीत.

"ती बोलती ते खोटं न्हाई," ते म्हणाले. "पाटीलकी माज्या आज्यापास्नं हाय. माज्या हातनं गेली तर चुलत्याच्या घरात जाईल, आन् ते वाटच बघत्यात. पर मास्तर, शुक्र पहाटंचा असंल तवा त्यो उगवला की मी बैल जुपतो. जलमभर. गावात बांधाचा तंटा निघाला तर दोन्हीकडची मला नेत्यात. आबा पाय ठेवतील ती हद्द. ज्याला शुक्र वळखता येत न्हाई, त्याला हद्द कोन इचारील?"

आत कुठेतरी मुसळाचा आवाज चालू होता, तो थांबला.

"तुमी पाह्यलं ते तुमी लिवा. मी पाह्यलं ते मी लिवतो," पाटील म्हणाले, आणि त्यांनी टाक मागून घेतला. त्यांचा खुलासा चार ओळींचा होता. दिवेलागणीला तळ्यावर उजेड पाहिला. शुक्र त्याच वेळी वेगळा दिसत होता. उजेड काय होता ते माहीत नाही. विमान उतरल्याचे मी कोणाला सांगितले नाही. खाली सही. शिक्षकांनी दुसऱ्या कागदावर लिहिले, की जागेवर जाऊन पाहणी केली, कारण समजले नाही.

"बरं," पाटलीणबाई म्हणाल्या, "मग जेवून तरी जा. पाटलाच्या घरचं शेवटचं समजा."

तांदळाची भाकरी आणि वालाचे कालवण होते. त्या आग्रह करून वाढत होत्या आणि पाटलांच्या ताटाकडे मुळीच बघत नव्हत्या.

मी बातमी लिहिली ती सतरा ओळींची. पाटलांचे म्हणणे पाटलांच्या तोंडी घातले, शिक्षकांचे शिक्षकांच्या. कार्यालयात तिच्या तीन ओळी झाल्या. शेवटची ओळ होती : 'सदर प्रकाश शुक्र ग्रहाचा असल्याचे समजते.' कोणाकडून समजते ते लिहिलेले नव्हते. विचारल्यावर सांगण्यात आले, की लढाईच्या दिवसांत लोकांच्या मनात संशय राहील असे छापता येत नाही. माझ्या नावावर गेलेली ती ओळ मी कात्रणांच्या वहीत चिकटवली, खाडाखोड न करता.

महिना संपायच्या आत पाटीलकी चुलतभावाकडे गेली. शिक्षकांचे फिरणे चालूच राहिले. फक्त त्यांच्या प्रश्नांत एकाची भर पडली. जवळ पाणी असेल तर ते विचारीत, उजेड पाण्यात पडला होता का?

छापलेल्या ओळीबद्दल समक्ष बोलावे म्हणून मी पौषात पुन्हा त्या गावी गेलो. घरात कळले की आबा शेतावर आहेत. दोन भावांमध्ये बांधावरून भांडण लागले होते आणि ते दोघे आबांना घेऊन गेले होते. नव्या पाटलांच्या ओट्यावरून, त्यांच्यासमोरून. मी पोचलो तेव्हा ते खाचरात दगड रोवून हात धूत होते. धाकटा भाऊ पुटपुटत होता, पण दगड त्याने हलवला नाही.

आम्ही काठाने परत निघालो. मी कात्रणाचा विषय काढला.

"वाचलं," ते म्हणाले. "तुमी लिवलं व्हतं का तसं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

धुके पुन्हा वर येत होते. टिटव्या कुठे होत्या ते दिसत नव्हते, नुसती त्यांची ओरड पाण्यावरून फिरत होती. मी विचारले, पुन्हा कधी दिसला का?

"न्हाई. रोज बघतो, पर न्हाई."

"दिसला तर सांगाल ना?"

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. रस्ता विचारावा तसे त्यांनी विचारले,

"कुनाला?"

त्यांनी उत्तरासाठी थोडी वाट पाहिली, मग म्हैस बांधायची राहिली म्हणून ते पुढे निघाले.