जुन्या पोलक्याचं माप

हे मी कुणाच्या कानावर घातलेलं नाय. आईच्या नाय, शेजारणीच्या नाय, ह्यांच्या तर नायच नाय. एकदा देवळात गुरव कौल लावत होता, तेव्हा मनातल्या मनात देवाला सांगायला गेले आणि तिथंच थांबले. देव गुरवाच्या तोंडून बोलला तर? सगळ्या गावासमोर बोलला तर? तशीच माघारी आले, नारळ पण वाढवला नाय.

मग आज का? आज सकाळी माझी लेक कुशी फळीवरचं मिठाचं मडकं काढायला गेली, हात वर केला, आणि काखेतली शिवण टर्र करून गेली. एवढासा आवाज. पण मी जमिनीवर बसले. आणि पडवीतून हे हसत बोलले, "मोठी झाली गो लेक." सहा वर्षांची आहे हो ती. सहा. हे आता बंदरावर गेलेत, कुशी अंगणात आहे, तेवढ्यात लिहिते. मराठी तिसरीपर्यंतच शिकले मी, चुकेल ते चुकेल.

मी दुसरेपणावर दिलेली. सोळाव्या वर्षी. ह्यांची पहिली बायको तापानं गेली, मागं सात वर्षांची पोर — अनसूया. अनशी म्हणायचे तिला सगळे. हे बोटीवर खलाशी. मुंबईहून एकदा बोट धरली की दोन-दोन वर्षं तोंड दिसत नाय. सासू नव्हती. मांडवीजवळ दोन खोल्यांचं कौलारू घर, त्यात मी आणि अनशी, आणि मग माझी कुशी झाली. कुशी दोन महिन्यांची होती तेव्हा हे निघाले. आगबोटीवर नेणाऱ्या पडावात पाय ठेवता ठेवता मागं वळून एवढंच बोलले, "दोघींना अंगभर कपडे कर हां. अनशीला आधी."

अनशीला आधी. मला ते लागलं. का लागलं? आई नसलेली पोर, बापानं तिचं नाव आधी घेतलं, त्यात वाईट ते काय? पण लागलं.

अनशी वाईट नव्हती. तसं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं — की ती उलट बोलायची, कुशीला चिमटे काढायची. नाय. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आधी कुशीला उचलायची. मला आई म्हणायची, पहिल्या दिवसापासून.

थोड्या पैशात पोरीला नीट बसेल असं काही घ्यायला तुम्ही कधी बाजार फिरलात काय? मी फिरले. दिवाळीच्या आधी, कुशी कडेवर, अनशीचा हात हातात. पहिल्या दुकानात छिटाचं कापड सुरेख होतं, पण मी हात लावला तर दुकानदारानं नुसत्या नजरेनं तो मागं घ्यायला लावला. दुसरीकडं परवडणारं होतं ते इतकं विरळ, की त्यातून पलीकडचा माणूस ओळखू यावा. मुंबईहून आगबोटीनं तयार कपडे आलेत असं कुणी सांगितलं म्हणून तिथं गेले. पोलक्यांचा हा ढीग! एक घातलं तर बाह्या बोटांच्या खाली लोंबतायत. दुसऱ्यात डोकंच जाईना. तिसऱ्याला गळा एवढा, की खांद्यावर राहीना. माझ्या पाठीला घामाची धार, कुशी रडतेय, आणि दुकानदार एकेक पोलकं घडी घालताना तोंड वाकडं करतोय.

आणि मग एक बसलं. निळं, पांढऱ्या फुलांचं. असं बसलं, की कुणी तिलाच समोर उभी करून शिवलं असावं. अनशी दुकानातल्या आरशासमोरनं हलेना. तिथं एक बाई बसलेली, ओळखीची, ती बोलली, "अगदी आईवर गेली गो ही. तिला पण निळं असंच खुलायचं."

मी किंमत विचारली. आणि किंमत ऐकून माझ्याच हातानं ते तिच्या अंगातून ओढून काढलं. दुकानदार हसला, "वहिनी, पैशाच्या मापाची पोर आणा, नायतर पोरीच्या मापाचे पैसे आणा." सगळं दुकान हसलं. अनशी पण हसली, कसनुशी, मला राग येऊ नये म्हणून.

शेवटी करड्या रेघांचं एक जाडंभरडं कापड घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दाजी शिंप्याकडं गेले. अनशी शाळेत होती. आमच्याकडं पोरांना मापाला नेत नायत, कशाला त्यांची शाळा बुडवायची? जुनं पोलकं द्यायचं. शिंपी ते पाटावर पसरतो आणि विचारतो, किती बोटं वाढवू? आपण सांगायचं — दोन, नायतर तीन. पोर काय मापाला थांबून राहात नाय ना.

दाजीनं विचारलं, "किती बोटं वाढवू, वहिनी?"

मी म्हटलं, "काय नको. आहे तेवढंच."

"वाढती पोर ती."

"नाय वाढत ती. बारकीच आहे."

उरलेल्या कापडात कुशीचं अंगडं झालं, टोपडं झालं. तुम्ही म्हणाल, गरिबी, करते काय बिचारी. तसं म्हणू नका. कापड पुरत होतं. दाजीच बोलला होता, तीन बोटं वाढवूनसुद्धा बाळाचं अंगडं निघतंय म्हणून. मी तरी नको म्हटलं. का ते मला तेव्हापण ठाऊक होतं. मला तिला परत तशी आरशासमोर उभी बघायची नव्हती.

पुढच्या दिवाळीला काय केलं, तेपण सांगते. पेटीत तळाला ते आधीचं जुनं पोलकं मी जपून ठेवलं होतं — अनशी आठ वर्षांची असतानाचं. तेच परत नेलं. दाजीनं ते ओळखलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हेच माप?" मी म्हटलं, "हेच." त्यानं कातर घेतली. शिंप्यानं काय बोलावं? गिऱ्हाईक सांगेल तसं कापायचं.

अनशी ते पोलकं श्वास आत ओढून घालायची. काखेत उसवलं की स्वतःच सुई-दोरा घेऊन बसायची, परत उसवायचं, परत शिवायची. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला तर तिला हात वर करता येईना — वर केला की शिवण जाणार, पोरी हसणार. म्हणून ती हात वर करीना. मास्तर मला रस्त्यात भेटले, बोलले, पोर हुशार होती, आता लक्ष नसतं तिचं. मी मान हलवली. हो म्हटलं, लक्ष नसतं.

एकदाच तिनं विचारलं. "आई, पुढचं जरा सैल शिवायला सांगशील?" मी काय बोलले? बोलले, "तूच ताडमाड वाढतेस, कापड काय करील?" त्यानंतर तिनं विचारलं नाय. खांदे पुढं घेऊन चालायला लागली.

मग शिमग्याला हे आले. दोन वर्षांनी. अनशी अकरा वर्षांची. बापाला बघून घरातून धावत सुटली, परकर पोटरीच्या वर आलेला, पोलकं छातीवर असं ताणलेलं, की बटणांच्या मधून अंग दिसावं. अकरा वर्षांच्या पोरीला असते काय छाती? नव्हती. पण आठ वर्षांच्या मापाच्या पोलक्यात कुठलीही पोर कोंबली तर ती तशीच दिसणार ना? पालखी दारात आली, बायका जमल्या. शेजारच्या काकी ह्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "पोर अंगाला आली हो. आता किती दिवस ठेवणार?" कुणी बोललं, सरकार कायदा आणतंय, चौदा पुरी झाल्याशिवाय पोरीचं लगीन करता येणार नाय, केलं तर दंड, म्हणून सगळे उरकून घेतायत. हे हसले तेव्हा. पण हसू पुरं झालं नाय त्यांचं.

सगळी गेल्यावर हे चुलीपाशी आले. मी पुरणपोळी लाटत होते. हळू आवाजात बोलले, "ही एवढी मोठी कधी झाली? तू पत्रात कळवलं नायस."

हेच ते. इथपर्यंत यायलाच मी एवढी फिरले. तेव्हा मला एवढंच बोलायचं होतं — ती मोठी नाय झाली, पोलकं लहान आहे. बस. पेटी उघडून जुनं माप दाखवायचं होतं. काय झालं असतं? ओरडले असते. मारलं पण असतं. माहेरी पाठवलं असतं, कुशीला इथं ठेवून — ती भीती होती, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीखाली आणखी एक होतं. ही घरातून गेली तर घर माझं आणि कुशीचं.

मी लाटणं थांबवलं नाय. बोलले, "झाली मोठी. मलापण आता काळजी वाटते."

जयगडचा एक बिजवर ठरला. तिशीचा, दोन होड्यांचा मालक. आठ दिवसांत सगळं. लग्नाच्या चोळीसाठी दाजीला घरी बोलावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं अनशीच्या अंगाला माप लावलं. फीत फिरवली, परत फिरवली. अनशीला बाहेर जायला सांगितलं. मग मला बोलला, "वहिनी, हिच्या अंगावर काय नाय हो. चोळी बसवू कशावर? हे पोरगं आहे अजून."

हे घरात नव्हते. परत एकदा वेळ माझ्या हातात होती. मी म्हटलं, "तुम्ही शिवा."

त्यानं शिवली. मापाची, अगदी बरोबर मापाची. दोन वर्षांत तिच्या अंगाला बसलेलं ते पहिलंच कापड. आणि वर नऊवारी लुगडं. ते कुणालापण बसतं असं म्हणतात, नाय? तिला नेसवलं, तर घोळात पाय सापडेनात. दोघीजणींनी निऱ्या खोचल्या, परत खोचल्या. मनगटं आणि मान तेवढी बाहेर, काडीसारखी. ताणलेलं पोलकं गेलं आणि आतली पोर दिसली — सगळ्यांना दिसली. ह्यांनी बघितलं. आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं. पण तोवर अंतरपाट धरला होता. मी कुशीला उचललं आणि मागल्या दारी भाताचं बघायला गेले.

निघताना ती माझ्या पाया पडली. लुगड्यात अडकून पडता पडता वाचली, आणि हसली, बाजारात हसली होती तशीच.

तेराव्या वर्षी गेली. दिवस राहिले होते, सातव्यात इकडं आणायची ठरली होती, सहाव्यातच सगळं झालं. बाळ पण नाय राहिलं. जयगडहून होडीनं निरोप आला, आणि महिन्यानं तिची पेटी आली. हे पेटी उघडेनात. मी उघडली.

दोन लुगडी, फणी, शाळेची पाटी. आणि तळाला एक अंगडं, येणाऱ्या बाळासाठी तिनं स्वतः हातानं शिवलेलं. टाके वेडेवाकडे. पण एवढं मोठं! तान्ह्या बाळाला तीनदा गुंडाळता येईल एवढं. काखेत ही रुंद पट्टी, आणि शिवणीच्या आत चार-चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं, पुढं कधी उसवून वाढवता यावं म्हणून. जयगडच्या बायका हसल्या असतील तिला. चार वर्षांची कुशी जवळ उभी होती. मी ते तिला घातलं. हात वर कर म्हटलं. तिनं दोन्ही हात वर केले, कानाला लावले. कुठंच ताणलं नाय.

ते अंगडं पेटीत आहे. ते जुनं पोलकंपण आहे, मापाचं. जाळायला दोनदा चुलीपाशी नेलं, जाळलं नाय.

आज दुपारी लिहिणं मधेच ठेवून कुशीला घेऊन दाजीकडं जाऊन आले. जुनं पोलकं नाय नेलं, तिलाच नेलं. दाजी म्हातारा झालाय. त्यानं फीत लावली, आणि किती बोटं वाढवू हे विचारलंच नाय. स्वतःच चार बोटं सोडून खडूची रेघ मारली. माझ्याकडं बघितलं पण नाय.

हे घरी आलेत आता. पडवीत बसलेत, कुणीतरी पाहुणा आहे. बोलणं ऐकू येतंय मला. कुणी नवीन माणूस आला की हे अनशीचं सांगतातच. तेच सांगतायत — माझी थोरली अंगानं लवकर वाढली हो, म्हणून लवकर द्यावी लागली.

पाणी मागतायत. मी नेऊन ठेवते. तिथं उभी राहते, ऐकते, आणि तांब्या घेऊन आत येते.