बटण आणि घड्याळवाला

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. बाबा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि युनियनमध्ये मुरलेले. मी अक्षरं त्यांच्या पत्रकांवरच ओळखायला शिकलो आणि कॉलेजात गेल्यावर स्वतःच पत्रकं लिहायला लागलो. घरात एक नियम पत्रकाइतकाच पक्का होता: हातात घड्याळ घेऊन साहेब मशीनमागे उभा राहिला की हात हळू चालवायचा. त्या वेळी जो वेग दिसेल, तेच उद्यापासून रोजचं टार्गेट.

निवृत्तीच्या सुमारास बाबांना काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले आणि दर काही महिन्यांनी एक तपासणी सांगितली. एक डोळा झाकायचा, मशीनमध्ये हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. प्रत्येक तपासणीचा आलेखावर एक ठिपका. पुरेसे ठिपके जमले की त्यांच्यामधून एक रेघ निघे. ती पुढे वाढवली की नजर किती वर्षांत कुठवर उतरेल, याचा अंदाज येई.

"हे तर ज्योतिषच झालं," मी म्हणालो. तेव्हा मी ज्योतिषाविरुद्ध पत्रक लिहीत होतो.

"ज्योतिषी एकदा सांगून मोकळा होतो," बाई म्हणाल्या. "मी प्रत्येक ठिपक्यानंतर माझी रेघ दुरुस्त करते."

बाबांची रेघ मात्र घाट उतरावा तशी उतरत होती. "असंच चाललं तर वाचणं अवघड होईल, काका. ऑपरेशनचा विचार करावा लागेल," बाई म्हणाल्या. परतताना रिक्षातून बाबा दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचत होते.

पुढच्या तपासणीला रेघेनं एकदम वर तोंड केलं. बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "काका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. तुमची कशी आली?"

बाबा छताकडे बघत म्हणाले, "मॅडम, पहिल्यांदाच सगळं दाखवलं असतं तर तुम्ही तेवढंच कायमचं धरलं असतं. म्हणून जरा राखून दाबत होतो. आणि मागच्यापेक्षा जास्त तर द्यायचंच नसतं. पण तुम्ही ऑपरेशन म्हणालात, म्हणून या वेळी सगळं दाबलं."

"अहो, इथे कोण तुमचं टार्गेट वाढवणार होतं?" शेजारी बसलेली आई म्हणाली.

"हाताची सवय."

मी तोंडावर रुमाल धरला. तत्त्व घरचंच असल्यामुळे रागावायची सोय नव्हती.

बाई हसल्या नाहीत. जुने ठिपके सगळे बाद, म्हणाल्या. नजर कोणत्या वेगानं चालली आहे, ऑपरेशन लागेल की नाही, हे नवे ठिपके जमेपर्यंत त्यांनाही सांगता येणार नव्हतं. तेव्हा कुठे बाबांचा चेहरा पडला.

त्यानंतर प्रत्येक वेळी आई दारापर्यंत जाऊन बजावायची, "दिसेल तेवढंच दाबा. कमी नको, जास्तही नको. युनियन बाहेर ठेवा."

बऱ्याच काळानं नवी रेघ तयार झाली. तीही उतरत होती, पण अगदी हळू.

"हा माझा खरा वेग?" बाबांनी विचारलं.

"आजच्या अंदाजानं, हो. थेंब चुकवले नाहीत तर ऑपरेशन सध्या नको. वाचाल अजून बरीच वर्षं."

बाबा माझ्याकडे वळले. "बघ. शेवटी वेग कमीच लावून घेतला की नाही?"

आईनं पिशवीतून थेंबांची बाटली काढली. "मान वर करा," ती म्हणाली.