साक्षी जुळत नाहीत

बायकोला दिलेलं एक उत्तर परत घेता आलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

तंजावरात आम्ही मराठी माणसं कितीक पिढ्यांची. घरात मराठी बोलतो, पण मोडी वाचणारे आता हाताच्या बोटांवर. त्यांतला मी एक. कुणाच्या पेटीत पणजोबांचं इनामपत्र सापडलं की ते माझ्याकडे येई आणि कागद खरा की बनावट हे मी सांगे. शंकेच्या जागी लाल पेन्सिलीने खूण करायची माझी सवय. त्या पेन्सिलीचा मला गर्वही होता.

गल्लीत एसटीडी बूथ आणि केबल टीव्ही आले त्याच वर्षी सुमित्राची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. हॉस्पिटलातल्या एका तमिळ नर्सने तिला ख्रिस्ती शुभवर्तमानाचं लहानसं पुस्तक दिलं. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, ही त्यातली गोष्ट ती पुन्हा पुन्हा वाची. एका दुपारी मला म्हणाली, "तुम्ही अस्के जुने कागद पारखता. हे खरं कां, मज सांगा. उगी समजूत घालणं नक्को."

ती गोष्ट चार जणांनी वेगवेगळी लिहिलेली आहे; त्या चारही शुभवर्तमानांचं पुस्तक मिळवून मी आठवडाभर वाचलं. खोट काढायचीच असं ठरवून बसलो होतो. कुठलाच देव तिला बरं करत नव्हता, तो राग मी त्या पुस्तकावर काढला. त्याच्या रिकाम्या थडग्यापाशी पहाटे एक बाई गेली, दोघी की तिघी? आत निरोप सांगणारा एक जण दिसला की दोघे? पानं लाल होत गेली. शेवटी मी तिला सांगितलं, "साक्षी जुळत नाहीत. असा कागद मी खरा म्हटला नसता." तिने पुस्तक मिटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी ती गेली. मी तेव्हा खाली काफी आणायला गेलो होतो.

मरणाऱ्या बाईचा एकमेव आधार मी काढून घेतला होता. निदान शेवटी काय झालं ते कळावं म्हणून मी विचारत सुटलो. तिची थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "पाणी मागितलं, निवांत दोन घोट घेतले आणि गेली." शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या, "पाणी कुठलं? अगदी शांत चेहऱ्यानं तुमचं नाव घेतलं. अक्का तर व्हरांड्यात होती." दोघी शपथेवर सांगत होत्या. वैतागून मी त्या नर्सला हॉस्पिटलात गाठलं. ती म्हणाली, "पाणी सकाळी मागितलं होतं, सार. नंतर मला तेच थडग्याचं पान वाचायला लावलं. मी म्हटलं, तुमचे यजमान तर हे मानत नाहीत. तर हसल्या. म्हणाल्या, त्यांना कागद बरा कळतो, पण त्या पहाटे ते तिथं नव्हते."

मी तिथल्याच बाकावर बसून रडलो. तीन साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून सांगू लागले, तर ते पढवलेले समजावेत, हा धडा मला मोडी शिकवणाऱ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी दिला होता. जन्मभर पाळलेला तो नियम मी रागाच्या भरात नेमका तेव्हाच विसरलो. या तिघींचंही जुळत नव्हतं, म्हणून का सुमित्रा गेलीच नव्हती? आणि एक गोष्ट तिघींनी आपापल्या शब्दांत सांगितली होती: ती घाबरलेली नव्हती.

ते थडगं खरोखर रिकामं होतं का, हे मला आजही सिद्ध करता येत नाही. दुःखही कमी झालेलं नाही. लाल खुणांचं ते पुस्तक अजून माझ्यापाशी आहे. पेन्सिल मात्र मी त्यानंतर त्याला लावली नाही. त्या नर्सचे उपकार फिटणारे नाहीत. मी नव्हतो तेव्हा सुमित्रापाशी कुणीतरी होतं, एवढ्यावर मी मान तुकवतो.