जावयाचा धोंडा आणि कंपनीचं ट्रेनिंग

'वेळेचं नियोजन' या माझ्याच सत्राला मी हजर होतो, पण झोपलेला होतो.

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांना दिवसभर शहाणं करण्याचा कार्यक्रम असतो. यंदा तो आखायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या वरिष्ठ साठे मॅडम म्हणाल्या, "दिवस रंगला तर ट्रेनिंग विभाग तुमचा. नाही रंगला तर हजेरी मांडायचं काम आहेच. ते कुणी पळवलेलं नाही." (मॅडम मूळच्या सदाशिव पेठेतल्या, हे वेगळं सांगायला नको!)

हजेरीला मी इतका विटलो होतो की वेळापत्रकापुढे दुसरं काही सुचेना. सकाळी ओळखीचा खेळ, मग गटचर्चा आणि जेवणानंतर, माणसं पेंगतात नेमकं तेव्हा, माझं सत्र. "एकालाही झोपू देणार नाही!" मी बायकोला, वैशालीला, ठणकावून सांगितलं. जागा तेवढी मिळत नव्हती.

"मग आमच्या मांजरी गावच्या मळ्यात घ्या ना," ती म्हणाली. "अण्णांना आनंदच होईल."

अण्णा म्हणजे माझे सासरे. फोनवर म्हणाले, "या की! मळा तुमचाच हाय. फकस्त किती पानं ते सांगा."

मी मिनिटामिनिटाचा हिशोब केला होता. महिना कोणता चालू आहे, एवढं मात्र पाहिलं नव्हतं. अधिक महिना! तीन वर्षांनी एकदा येणारा, जावयाला साक्षात विष्णू मानून पुरणाचे धोंडे खाऊ घालण्याचा महिना!

बस मळ्यात शिरली ती सनईच्या सुरात. सासूबाई आणि आदल्या दिवशीच माहेरी पोचलेली वैशाली औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी खाली उतरतोय तोच डोक्यावर फेटा चढला, मला पाटावर बसवलं आणि अख्ख्या कंपनीसमोर माझे पाय धुतले गेले. सगळ्यांचे मोबाईल वर!

"मॅडम, हे वेळापत्रकात नव्हतं हो," मी पुटपुटलो.

"कळतंय. त्यात इतकं चांगलं काही नव्हतंच."

ओळखीचा खेळ अण्णांनी परस्पर उरकला. त्यांनी आपल्या भावकीची ओळख करून दिली, तीन पिढ्यांची! मग गटचर्चेसाठी पाडलेले माझे गट त्यांनी सरळ चुलीकडे वळवले. अकाउंट्स आणि सेल्स ही आमची दोन खाती एकमेकांशी फक्त ईमेलवर भांडतात. ती मांडीला मांडी लावून कणकेत पुरण भरू लागली.

"अहो, धोंडा फुटतोय तुमचा!" सेल्सवाला म्हणाला.

"तुमची बिलं फुगतात, तसंच पुरण जास्त भरलंय तुम्ही!" अकाउंट्सवाल्यानं सुनावलं.

आणि दोघंही हसत सुटले. मी लगबगीनं मदतीला उठलो, तर अण्णा ओरडले, "जावईबापू, बसून ऱ्हावा! या महिन्यात जावयानं कामाला हात लावला तर गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाई!" विष्णू निमूटपणे पाटावर बसला.

जेवणात तुपात पोहणारे धोंडे, आमरस, वर अनारसे. "आता बास," म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरायचा. वैशाली डोळे वटारायची. शेवटी तर सगळा स्टाफच आग्रहाला उभा राहिला. साठे मॅडम स्वतः दोन धोंडे वाढत म्हणाल्या, "घ्या हो. मोजायची काळजी नको, हजेरी आम्ही मांडतो."

जेवण उरकल्यावर मी माईक हातात घेतला. "मित्रहो, वेळ ही अशी गोष्ट आहे..." एवढं बोललो आणि क्षणभर टेकावं म्हणून आंब्याखालच्या बाजेवर बसलो.

डोळे उघडले तेव्हा उन्हं उसाच्या पलीकडे गेली होती. मंडळी सूरपारंब्या खेळून चहा पीत होती आणि फेट्यासकट घोरणाऱ्या माझ्याबरोबर फोटो काढायला रांग लागली होती. माझ्या पोटात गोळा आला. (धोंडे होतेच तिथं, त्यात हा!) आता जन्मभर हजेरी!

परतताना बसमध्ये मॅडम शेजारी येऊन बसल्या. "ही माणसं आज पहिल्यांदा एकमेकांशी धड बोलली. ट्रेनिंग विभाग तुमचा."

मी हरखून गेलो. बाजेवर झोपून बढती मिळवणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच!

"पुढच्या वर्षीही मळ्यातच," मॅडम पुढे म्हणाल्या. "फक्त कार्यक्रम अण्णांना आखू द्या."

घरी पोचेपर्यंत अण्णांनी पुढच्या वर्षीचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलंसुद्धा. नाश्ता, उसाचा रस, जेवण, खेळ, पुन्हा नाश्ता. विभागप्रमुखाचं नाव कुठे दिसेना. अगदी तळाशी एकदाचं सापडलं:

'आभार : जावईबापू (जागे असल्यास).'